दोन्ही बाजूंनी उघडणारं फडताळ

अंधेरी (पूर्व)
४ जुलै २०२२

ती. कुंदाकाकू,

नमस्कार. हाताने पत्र लिहायची सवय पार गेलीय, तेव्हा अक्षर गोड मानून घे. तुला दोनदा फोन केला. दोन्ही वेळा तू "कोण, गॅसवाला का?" असं ओरडून ठेवून दिलास. मग म्हटलं, जी बाई आयुष्यभर मुलुंडच्या पोस्टात काउंटरवर बसली, तिच्याशी बोलायचं तर तिच्याच रस्त्याने जावं.

कारण असं की तुमच्या मुलुंडच्या 'शुभंकर' सोसायटीच्या जागी जो टॉवर उभा राहणार आहे, त्याचं काम आमच्या ऑफिसला मिळालंय आणि नकाशे माझ्या टेबलावर आलेत. मधुकाका असते तर म्हणाले असते, चुलतभावाच्या पोराला आमचं घर पाडायला मिळालं! सरांना या टॉवरमध्ये 'कम्युनिटी लिव्हिंग' हवंय. म्हणजे सातव्या मजल्यावर बाग, योगासाठी लाकडी फरशी आणि चाळीस खुर्च्यांचं थिएटर. माणसं अशाने एकमेकांबरोबर राहायला लागतात, यावर माझा विश्वास बसत नाही. मी स्वतः अठराव्या मजल्यावर राहतो, समोरच्या दारावर नावाची पाटी नाही आणि लिफ्टमध्ये सगळे बदलत्या आकड्यांकडे बघत असतात.

तू त्या जुन्या इमारतीत लग्न होऊन आलीस आणि परवा-परवापर्यंत तिथेच राहिलीस. तिथलं काय ठेवायला हवं ते मला सांग. बिनधास्त सांग, मी नकाशात घालायचा प्रयत्न करीन.

कांदिवलीची भाड्याची जागा कशी आहे? मी मजेत. अक्षता नमस्कार सांगते.

तुझा,
देवेश

*

कांदिवली (पश्चिम)
११ जुलै २०२२

चि. देवेश, अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र हातात पडल्यावर आधी पाकिटावरचा शिक्का बघितला, मग तुझं अक्षर. पिनकोड तू पूर्वेचा टाकलायस, मी पश्चिमेला राहते. पोस्टमनने डोकं चालवलं म्हणून मिळालं. आर्किटेक्टला पूर्व-पश्चिम कळू नये म्हणजे आमच्या घरांची वाट लागली म्हणायची.

विचारलंस म्हणून सांगते. जिन्याच्या वळणावर बसायला कट्टा ठेव. भाजीच्या पिशव्या घेऊन चढणारी बाई तिथे टेकते, वरून उतरणारी थांबते आणि कुणाच्या घरी काय चाललंय ते आपोआप कळतं. लिफ्ट असली तरी ठेव, लिफ्ट बंद पडतेच. दारं समोरासमोर ठेव. इथे मी दार उघडलं की समोर विजेच्या मीटरचं कपाट. त्याच्याशी किती बोलणार?

पण खरी गोष्ट फडताळाची आहे. आमचं आणि जानकी परबचं स्वयंपाकघर पाठीला पाठ लावून होतं. गवंड्याने दोन्ही घरांत भिंतीच्या त्याच जागी फडताळ काढलं आणि मधे नुसती एक शहाबादी फरशी उभी केली. मी नवी नवरी. पोह्यांचा डबा काढायला दार उघडलं, तर फरशी पडलेली आणि पोह्यांत हिरवा चुडा भरलेला एक हात. मी किंचाळले. पलीकडून आवाज आला, "माजी बरणी खंय गेली गो?" अशी आमची ओळख झाली. दोघींचे नवरे फरशी बसवतो बसवतो म्हणत राहिले आणि ती कधीच बसली नाही. त्या भोकातून आमटी गेली, सोलकढी आली, औषधं, विरजण, रडणं, सगळं इकडून तिकडे झालं. मासे केले की ती बिचारी आपल्या बाजूचं दार लावून घ्यायची, आमच्याकडे चालत नाहीत म्हणून. पुढे मीच म्हटलं, उघडं ठेव गं, वासाशिवाय चुकल्यासारखं होतं.

हे गेले आणि पाठोपाठ तिचे यजमान गेले. दोघी एकेकट्या. तेव्हा आम्ही एक रिवाज पाडला. झोपताना फडताळात पितळी पेला उपडा ठेवायचा. सकाळी जी आधी उठेल तिने तो सरळ करायचा आणि दुसरीने उठल्यावर त्यात चहा ओतायचा. म्हणजे दोघींनाही कळलं. चहाला उशीर झाला की जानकीची हाक यायचीच, "जित्ती आसस मां गो?"

आता ती देवनारला मुलाकडे, दशरथकडे आहे आणि मी इथे. पेला माझ्याकडे. मी तो अजून झोपताना उपडा ठेवते आणि सकाळी माझी मीच सरळ करते. मला मरणाची भीती नाही रे. मेल्यावर कुणाला कळणारच नाही, याची आहे. तेवढं एक फडताळ नव्या घरात मिळव. बाकी तू बाग कर नाहीतर विमानतळ कर.

अक्षताला आशीर्वाद. जेवतोस ना वेळेवर?

कुंदाकाकू

*

अंधेरी (पूर्व)
२ ऑगस्ट २०२२

ती. कुंदाकाकू,

पिनकोड या वेळी बरोबर आहे, बघून घे.

तुझं पत्र ऑफिसात वाचून दाखवलं. पोह्यांतल्या हातापर्यंत सगळे हसत होते, पुढे कोणी हसलं नाही. सर मात्र म्हणाले, "दोन फ्लॅटच्या मधे भोक? लोक घरं घेतात ती भिंतीसाठी." मग तुमच्या सोसायटीचे सेक्रेटरी अंबादासराव आले, त्यांनी विचारलं, चोर शिरला तर? मी म्हटलं, दोन्ही बाजूंना दार, दोन्ही बाजूंना आतून कडी. तुम्हाला शेजारी नको असेल तेव्हा कडी लावा. एवढी सोय तर आत्ताच्या भिंतीतही नाही.

गंमत म्हणजे नियमाने अडत नाही. दोन्ही घरांची लेखी संमती लागते, एवढंच. नव्या इमारतीच्या भिंती सगळ्या काँक्रीटच्या ओतीव असतात, नंतर छिन्नी मारता येत नाही. म्हणून जागा सोडायची तर आत्ताच सोडायला हवी. कमिटीने जुन्या शेजाऱ्यांना शेजारीच घरं द्यायचं ठरवलंय, तेव्हा नवव्या मजल्यावर तू आणि जानकीमावशी, पुन्हा पाठीला पाठ. त्यांची सही आण, बाकी माझ्यावर सोड.

फडताळाचं चित्र सोबत पाठवतोय. हे काढताना काल जेवायचं राहून गेलं, खूप दिवसांनी असं झालं. जिन्याचा कट्टाही मंजूर झालाय. अक्षताला चित्र दाखवलं, तिला आवडलं.

देवेश

*

कांदिवली (पश्चिम)
१९ सप्टेंबर २०२२

चि. देवेश, आशीर्वाद.

सही आणली. देवनारला जायला दोन बस आणि एक रिक्षा करावी लागली, पण गेले. जानकी बारीक झालीय. दशरथचं घर चांगलं आहे, सूनही चांगली आहे, पण दोघं सकाळी कामाला जातात आणि ती दिवसभर खिडकीशी बसून असते. तुझं चित्र तिने उलटंसुलटं करून बघितलं आणि पहिली तक्रार केली, "वर नको गो, माजो हात आता पोचना नाय." तेव्हा एक वीत खाली घे.

पेला मी पिशवीतून नेला होता. म्हटलं, तुझ्याकडे ठेव, तुला करमेल. नको म्हणाली. "थंयच ठेव. मी येतंय."

निघताना तिने माझा हात बराच वेळ सोडला नाही. मला बरं वाटलं आणि वाईटही वाटलं. लवकर बांधा बाबांनो.

कुंदाकाकू

*

अंधेरी (पूर्व)
२३ जानेवारी २०२३

ती. कुंदाकाकू,

दिवाळीला पत्र टाकायचं राहिलं, रागावू नकोस. पाया भरून झालाय. काम रखडलेलं नाही, तेवढी बातमी चांगली.

मागच्या आठवड्यात दशरथ काही कागदांसाठी ऑफिसात आला होता. जानकीमावशींना तू हल्ली भेटलीस का? सहज विचारतोय. एवढ्या लांब उगाच जाऊ नकोस, तब्येत सांभाळ.

फडताळ नकाशात आहे आणि राहील. त्याबद्दल मनात काही आणू नकोस. एक वीत खाली घेतलंय.

अक्षता बरी आहे.

देवेश

*

कांदिवली (पश्चिम)
६ फेब्रुवारी २०२३

चि. देवेश, आशीर्वाद.

भेटते ना, न भेटून कसं चालेल? जानकी म्हणते, दाराला जाळी नको, अख्खं लाकूड हवं, जाळीतून मुंग्या येतात. आणि तिच्या बाजूची कडी जरा सैल बसव म्हणते, बोटं दुखतात. आणि आतला रंग पांढरा नको, हळदीचे डाग दिसतात. आहेच ती तशी, फुकटात मिळालेल्या गोष्टीलाही नावं ठेवणार.

तुझं मागचं पत्र कोरडं वाटलं. काम जास्त असेल. पण तू ते फडताळ काढत राहा, नीट काढ, घाई करू नकोस. कप्पे किती करतोयस? मला वाटतं दोन पुरेत. अक्षताला विचारून बघ, तिला काय वाटतं.

कुंदाकाकू

*

अंधेरी (पूर्व)
१४ नोव्हेंबर २०२३

ती. कुंदाकाकू,

अक्षता म्हणते तीन.

उत्तराला फार उशीर झाला. काल तुमचा नववा मजला ओतून साचे काढले. मी मुद्दाम गेलो होतो. राखाडी भिंत, अजून ओलसर, आणि तिच्या मधोमध आपली चौकोनी जागा. आमचा सुपरवायझर राजेश म्हणाला, "साहेब, इथे एसी लावणार का?" तो गेल्यावर तुझ्या बाजूने हात आत घातला, खांद्यापर्यंत. पलीकडे नुसता वारा होता.

जानकीमावशींना सांग, सागवान घेतलंय, जाळी नाही. कडी सैल आहे. उंची त्यांच्या हाताची आहे.

तू कशी आहेस? मला हल्ली तुझ्या पत्राची वाट बघायची सवय लागलीय. खाली पत्रांच्या पेटीत बँकांची पाकिटं येतात, त्यांत तुझं अक्षर शोधतो.

देवेश

*

मुलुंड (पूर्व)
१६ जून २०२५

चि. देवेश, आशीर्वाद.

पत्ता बघ. घर मिळालं. मधल्या काळात माझ्याकडून पत्रं कमी झाली, हात थरथरतो. तू चाव्यांच्या दिवशी येशील म्हणून मी नवी साडी नेसून बसले होते. तू आला नाहीस. दुसऱ्या साइटवर काम आहे म्हणे.

जिन्याचा कट्टा छान झालाय. अंबादासने त्यावर कुंड्या मांडल्यात आणि 'येथे बसू नये' अशी पाटी लावलीय. मी दोन कुंड्या खाली ठेवल्या आणि बसले. बराच वेळ बसले. कुणी आलं नाही, लिफ्ट चालू आहे.

आता मुद्द्याचं. चाव्या घेताना दशरथ भेटला, कागदांवर शेवटच्या सह्या करायला आला होता. जानकी गेली रे, तुला ठाऊकच आहे. बावीसच्या दिवाळीत गेली. मला फोन आले होते म्हणे, दोनदा. मला ऐकू आले नाहीत. मी भाऊबीज झाल्यावर फराळाचा डबा घेऊन देवनारला गेले, तर भिंतीवर तिचा फोटो आणि त्याला हार. डबा तिथेच ठेवून परत आले. कुणाला सांगणार होते? तुला सांगितलं असतं तर तू फडताळ खोडून टाकलं असतंस आणि ते मला नको होतं.

दशरथ म्हणाला, "देवेशला मी तेव्हाच सांगितलं होतं, आई गेली आणि घर विकतोय म्हणून. तो म्हणाला, फडताळाची संमती नव्या मालकाकडून तेवढी घेऊन दे." मला आधी तुझा रागच आला. घरी येऊन सगळी पत्रं काढली आणि ओळीने वाचली. तुला माहीत, मला माहीत, आणि आपण दोघं तिला कडी किती सैल हवी ते विचारतोय. अडीच वर्षं आपण तिला जिवंत ठेवली, देवेश. डॉक्टरला जमलं नसतं. वाचताना हसले आणि मग खूप रडले, एकटीच.

फडताळ झकास झालंय. तिन्ही कप्पे पुसून घेतले, पेला ठेवला. पलीकडचं दार ढकलून बघितलं तर कडी लावलेली नव्हती. पलीकडे रिकामं स्वयंपाकघर. ओट्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. घेणाऱ्यांनी पैसे गुंतवायला घेतलंय, राहायला कुणी येणार नाही. मी तिच्या नावाने हाक मारली. रिकाम्या खोलीतून आवाज परत आला. मला फोन ऐकू येत नाही, पण तो ऐकू आला.

कुंदाकाकू

*

अंधेरी (पूर्व)
२४ जून २०२५

ती. कुंदाकाकू,

चाव्यांच्या दिवशी साइटवर काही काम नव्हतं. तू ते दार उघडताना बघायचं धाडस झालं नाही.

मला खरंच वाटलं होतं की तुला माहीत नाही. मग 'जानकी म्हणते' असं लिहिलेलं तुझं पत्र आलं आणि मी घाबरलो. वाटलं, काकूच्या डोक्याचं काही बिनसलं. कांदिवलीतल्या एका डॉक्टरांचा नंबरसुद्धा काढून ठेवला होता. फोन केला नाही, कारण त्यातल्या तुझ्या सूचना इतक्या बरोबर होत्या. हळदीच्या डागांचं मला कधीच सुचलं नसतं. आणि खरं सांगू का, त्या दिवसांत दुसरं काही करावंसंच वाटत नव्हतं. सकाळी उठून ऑफिसला जायचं ते फडताळासाठी.

आता वाईट बातमी. पलीकडच्या मालकांचं ऑफिसला पत्र आलंय. संमती देताना ते काय आहे हे त्यांना नीट कळलं नव्हतं म्हणे. त्यांच्या बाजूने भिंत बंद करून हवीय. त्यांचं घर आहे, मला नाही म्हणता येत नाही. पुढच्या आठवड्यात माणसं येतील. तुझ्या बाजूचं काढायचं की ठेवायचं ते तू सांग.

एवढं सगळं काढलं, काकू, आणि शेवटी एक कपाट झालं.

अक्षता नमस्कार सांगते.

देवेश

*

मुलुंड (पूर्व)
३० जून २०२५

चि. देवेश,

अक्षता नमस्कार सांगत नाही. ती बंगळुरूला गेली त्याआधी मला कांदिवलीला भेटून गेली, तुझं पहिलं पत्र यायच्या महिनाभर आधी. तुला दोष दिला नाही तिने. म्हणाली, काकू, घरात दोघं असतो आणि कुणी कुणाला हाक मारत नाही. डोळे पुसून, चहा पिऊन गेली. मी वाट बघत होते, तू आपणहून सांगशील. कप्पे किती ते तिला विचार असं मुद्दाम लिहिलं, म्हटलं आता तरी बोलेल. तू लिहिलंस, अक्षता म्हणते तीन. त्या दिवशी मला कळलं की माझा पोरगा माझ्याहून एकटा आहे.

पलीकडची भिंत बंद करू दे त्यांना. माझ्या बाजूचं काढायचं नाही. त्यात पेला राहतो.

आणि माझं सोड. मी रोज कुंड्या खाली ठेवते, अंबादास रोज त्या परत वर मांडतो. ज्या दिवशी त्या जागच्या जागी दिसतील, त्या दिवशी अंबादास आनंदाने वर येईल आणि मग त्याला समजेल काय झालंय ते. माझी व्यवस्था लागली. पण तुझं काय? अठराव्या मजल्यावर, त्या बिनपाटीच्या दारासमोर, तू सकाळी उठलास की नाही हे कोण बघतं? ऑफिसवाले म्हणतील, रजेवर असेल. बँका पाकिटं टाकत राहतील. हे मनात आलं आणि मी पोस्टात गेले.

सोबत पोस्टकार्डांचा गठ्ठा पाठवतेय. पत्ता मी सगळ्यांवर घालून ठेवलाय, पिनकोडसकट, कारण तुझा भरवसा नाही. सकाळी उठलास की एक पेटीत टाकायचं. लिहायला काही नसलं तर कोरं टाक, मला चालेल. कार्डं यायची थांबली तर मी अंधेरीला येईन आणि तुझं दार वाजवीन. मला ऐकू येत नाही हे ध्यानात ठेव. तू आतून "आलो, आलो" म्हणालास तरी वाजवतच राहीन.

कुंदाकाकू

*

(पोस्टकार्ड)
अंधेरी (पूर्व)
४ जुलै २०२५

ती. काकू,
उठलो.
देवेश

*

(पोस्टकार्ड)
मुलुंड (पूर्व)
८ जुलै २०२५

चि. देवेश,
कार्ड मिळालं. भिंत काल बंद झाली. पेला सरळ करून ठेवलाय. चहा अजून कुणी ओतलेला नाही.
कुंदाकाकू